पीएचडीला पैसे भरायचे नसतात, घ्यायचे असतात

रविवारी सकाळी भाची बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या आमच्या घरी आली ती सेवउसळीचा डबा आणि एक घोषणा घेऊन. "मामा, मला कॉम्प्युटेशनल बायोलॉजीत पीएचडी करायचीये."

आतून आईचा आवाज आला, "म्हणजे अजून पाच वर्षं फी?"

भाचीनं नुकतंच इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय. आईचा प्रश्न तिच्या पिढीच्या हिशेबानं बरोबर होता, कारण शिक्षण म्हणजे फी हे समीकरण तिला पाठ आहे. पण विज्ञानातल्या पीएचडीला ते लागू होत नाही. इथे कुणीतरी तुम्हाला दरमहा पैसे देतं आणि तुमच्याकडून काम करून घेतं. फी असते, पण मिळणाऱ्या रकमेपुढे सहसा किरकोळ. तेव्हा फी किती हे विचारण्याआधी, पैसे कुणाचे, किती दिवसांचे आणि कुठल्या अटीवर, हे विचारायचं. मी गेली कित्येक वर्षं जनुकांच्या डेटावरच पोट भरतो आहे, आणि या क्षेत्रात जागा कशी शोधायची याचं सगळं उत्तर या तीन प्रश्नांत आहे असं माझं मत झालंय.

बडोद्याच्या माणसाला हे नवीन वाटू नये. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार. पैसे कुणाचे, किती दिवस, कुठल्या अटीवर. आजच्या फेलोशिपचं पत्र उघडा, आत याच तीन गोष्टी सापडतील, फक्त भाषा जास्त रुक्ष.

कामाबद्दल दोन वाक्यं, कारण ते आईलाही सांगावं लागलं. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. ती वाचणारी यंत्रं आता स्वस्त झाली आहेत, पण वाचलेल्याचा अर्थ लावणारी माणसं कमी आहेत. जीवशास्त्राचा प्रश्न घ्यायचा आणि त्याचं उत्तर गणित, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग वापरून शोधायचं, ही कॉम्प्युटेशनल बायोलॉजी. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळालं ते प्रथिनांच्या रचनेवर संगणकानं केलेल्या कामासाठी. त्याच्या कितीतरी आधी, १९६३ मध्ये, मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या साखळीला कुठले कोन शक्य आहेत ते हिशेबानं दाखवलं होतं. ती आकृती आजही जगभर 'रामचंद्रन प्लॉट' म्हणूनच ओळखली जाते.

आता पैशाकडे.

पहिला खिसा तुमचा स्वतःचा. राष्ट्रीय परीक्षा देऊन फेलोशिप मिळवायची आणि ती घेऊन हव्या त्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जायचं. यातली सगळ्यांत ओळखीची म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. साधारणपणे वर्षातून दोनदा होते, पेपर २०० गुणांचा, वेळ तीन तास. लाइफ सायन्सेसमध्ये तीन भाग असतात आणि शेवटच्या भागात ७५ पैकी फक्त २५ प्रश्न सोडवायचे असतात. म्हणजे सगळं येत असण्यापेक्षा कशाला हात लावायचा नाही हे कळणं महत्त्वाचं, कारण चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली की जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ, म्हणजे सीनिअर फेलो, झाल्यावर ४२,००० रुपये, वर घरभाडं, एकूण पाच वर्षांपर्यंत. घरभाडं शहराच्या वर्गावर ठरतं. बडोदं आणि इंदूर 'वाय' वर्गात, पुणं जास्त घरभाड्याच्या 'एक्स' वर्गात. पण पुण्याची खोली बघायला गेलात की तो फरक कुठे गेला ते कळत नाही.

लाइफ सायन्सेसच द्यायला हवी असंही नाही. गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रातून जेआरएफ घेऊन या क्षेत्रात आलेले लोक मी पाहिले आहेत. कम्प्युटर सायन्सवाल्यांसाठी यूजीसीची वेगळी नेट असते, त्यातही जेआरएफ मिळते. जैवतंत्रज्ञान विभागाची डीबीटी-जेआरएफ आहे, तिच्या परीक्षेला 'बेट' म्हणतात. वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, वेगळी. विद्यापीठात एमएस्सीला पहिला क्रमांक असेल तर इन्स्पायर फेलोशिपचा अर्ज करायलाच हवा. टॉपर मुलं तो विसरतात, कारण त्यांना वाटतं परीक्षा दिल्याशिवाय काही मिळत नसतं.

इथे एक खड्डा आहे, तो नीट बघून घ्या. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन वर्ग पडतात. पहिल्यात जेआरएफ. दुसऱ्यात सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेशाची पात्रता. तिसऱ्यात फक्त पीएचडी प्रवेशाची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात आलात तर त्या गुणांवर वर्षभर प्रवेशासाठी अर्ज करता येतो, पण हातात पैसे येत नाहीत. पेढे वाटून झाल्यावर हे कळलेली मुलं माझ्याकडे आली आहेत.

अशा मुलांसाठी गुजरात सरकारची 'शोध' योजना आहे: गुजरातमधल्या विद्यापीठात पूर्णवेळ पीएचडी करणाऱ्याला महिना १५,००० रुपये आणि वर्षाला २०,००० रुपये वरखर्च, दोन वर्षं. दुसरी कुठलीही फेलोशिप घेत नसाल तरच. रक्कम मोठी नाही, पण बडोद्यात घरी राहून करणाऱ्याला आधार होतो. आणि आमच्या मराठी घरांत हमखास विचारलं जातं म्हणून सांगतो: बार्टी, सारथी, महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपना महाराष्ट्राचा रहिवास लागतो. मातृभाषा मराठी आणि आडनाव साताऱ्याचं असून भागत नाही. चार पिढ्या बडोद्यात मांडवीच्या आसपास गेल्या असतील तर तो अर्ज भरण्यात वेळ घालवू नका.

दुसरा खिसा संस्थेचा. आयसर, आयआयटी, आयआयएससी, बेंगळुरूची एनसीबीएस, चेन्नईची आयएमएससी अशा मोठ्या संशोधन संस्थांत संस्थेची स्वतःची निवडप्रक्रिया असते. निवड झाली की पैशाची सोय बहुतेक संस्थाच लावते. एनसीबीएस आणि मुंबईच्या टीआयएफआरसाठी जेजीईईबीआयएलएस नावाची परीक्षा आहे. लांबलचक नावाला घाबरू नका, ती घोकंपट्टी तपासत नाही, आणि इंजिनिअर किंवा भौतिकशास्त्राचा विद्यार्थीही ती देऊ शकतो. आयएमएससी तर गणिताची संस्था, तिथे कॉम्प्युटेशनल बायोलॉजीत थेट पीएचडी आहे. दिल्लीत आयआयआयटीचा आणि जेएनयूचा विभाग, हैदराबादेत आयआयआयटी आणि सीसीएमबी, पुण्यात आयसर, एनसीएल आणि विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स सेंटर, गांधीनगरला आयआयटी आणि गुजरात बायोटेक्नॉलॉजी रिसर्च सेंटर. निवडक संस्थांमध्ये पंतप्रधान संशोधन फेलोशिपही असते. महिना ७०,००० पासून सुरू होऊन ८०,००० पर्यंत जाते, पण ती मोजक्यांनाच.

तिसऱ्या खिशाबद्दल कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

एखाद्या प्राध्यापकाला सरकारकडून प्रकल्प मंजूर होतो, समजा तीन वर्षांचा. त्या पैशात एक-दोन माणसं ठेवायची तरतूद असते: प्रोजेक्ट जेआरएफ किंवा प्रोजेक्ट असोसिएट. त्याची जाहिरात संस्थेच्या वेबसाइटवर 'रिक्रूटमेंट' किंवा 'प्रोजेक्ट पोझिशन्स' नावाच्या कोपऱ्यात येते, दोन-तीन आठवडे राहते आणि जाते. वर्तमानपत्रात शोधून सापडणार नाही. इंडियाबायोसायन्सच्या साइटवर बऱ्याच जाहिराती एकत्र मिळतात, पण सगळ्या नाहीत. भाचीला मी वीस संस्थांची पानं ब्राउझरमध्ये साठवून दिली आणि सांगितलं, दर सोमवारी चहाबरोबर ही वीस पानं उघडायची. पहिल्या महिन्यात तिला चार जागा दिसल्या, त्यातली एक गांधीनगरला, म्हणजे गाडीनं दोन-अडीच तासांवर.

जाहिरात वाचायचीही एक पद्धत असते. 'प्युअरली टेम्पररी अँड को-टर्मिनस विथ द प्रोजेक्ट' म्हणजे प्रकल्प संपला की तुम्हीही मोकळे. 'इसेन्शियल' खाली लिहिलेलं तुमच्याकडे नसेल तर अर्ज बाजूलाच पडतो. 'डिझायरेबल' खालचं निम्मं असेल तरी अर्ज करायचा. मुली विशेषतः डिझायरेबल यादी वाचून माघार घेतात, असं मला सारखं दिसतं. यादी लिहिणाऱ्या प्राध्यापकानं तिथे स्वप्नातला माणूस लिहिलेला असतो. नेट किंवा गेट (इंजिनिअरिंग आणि विज्ञानाची राष्ट्रीय परीक्षा) असेल तर प्रोजेक्ट जेआरएफचा पूर्ण दर मिळू शकतो, नसेल तर कमी रकमेची जागा. गेटचा निकाल तीन वर्षं चालतो, म्हणून एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी देऊन ठेवावी.

आणि एक वाक्य जाहिरातीत बहुतेक नसतंच: या जागेवर असताना पीएचडीची नोंदणी करता येईल का? हा प्रश्न मुलाखतीच्या शेवटी, ते "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतात तेव्हा विचारायचा. त्याला जोडून दुसरा: प्रकल्पाचे किती महिने उरलेत? मी तरुणपणी हे विचारलं नव्हतं. रुजू झाल्यावर कळलं की प्रकल्पाचे नऊच महिने शिल्लक आहेत, आणि त्यातले पाच महिने पगार अडकला होता, कारण आधीच्या हप्त्याचा हिशेब वरती पोचलाच नव्हता. त्या पाच महिन्यांत मी संध्याकाळी बारावीच्या शिकवण्या घेतल्या. गाईड माणूस म्हणून चांगले होते. पण चांगुलपणातून मेसचं बिल भरता येत नाही. आता मी प्रत्येकाला सांगतो, त्या प्रयोगशाळेत आधी काम केलेल्या दोघांशी बोला. पैसे वेळेवर येतात का, आणि गेलेली माणसं कुठे गेली, एवढंच विचारा.

अशा जागेसाठी कुणी 'रजिस्ट्रेशन फी' किंवा 'डिपॉझिट' मागितलं तर ती फसवणूक समजा. काही संस्था अर्जाची छोटी फी त्यांच्या अधिकृत साइटवर घेतात, ते वेगळं.

ई-मेल

जाहिरात नसतानाही प्राध्यापकाला लिहिता येतं. खूप जागा अशाच भरतात, कारण प्रकल्प मंजूर व्हायच्या बेतात असतो आणि त्यांना माणूस लागणारच असतो. भाचीनं पहिला मसुदा दाखवला. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे', मग 'मी मेहनती आणि प्रामाणिक असून आपल्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत', मग तीन परिच्छेद दहावीपासूनचे टक्के. पाठवायचं होतं प्राध्यापिकेला, तरी वर सर. त्याच मेलमध्ये दुसऱ्या संस्थेचं नाव राहून गेलं होतं, तेही सांगतो, तिनं परवानगी दिली आहे.

मी म्हटलं, "ही बाई दिवसाला असे दहा मेल पुसत असेल. तिनं तुझा का ठेवावा?"

"मला खरंच काम करायचंय म्हणून."

"ते त्या दहांनाही करायचंय. तू त्यांचं काय वाचलंस?"

एक आठवडा तिनं त्यांचा एक शोधनिबंध वाचण्यात घालवला. विषय होता क्षयाच्या जिवाणूत औषधांना दाद न देणारे बदल कसे होतात. निबंधातला डेटा सार्वजनिक होता, या क्षेत्राचं मोठं सुख हेच. जीईओ, पीडीबी अशा साठ्यांमध्ये जगभरच्या प्रयोगांचा डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. देशाचाही साठा आता फरिदाबादला उभा राहिलाय, आणि १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाचा जीनोम-इंडिया डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी जाहीर झाला; तो मात्र रीतसर अर्ज करूनच मिळतो. भाचीनं जिवाणूंचा डेटा घेऊन एक आकृती स्वतः काढून पाहिली. लॅपटॉप तिचा साधाच. जड काम गॅलक्सी आणि गूगल कोलॅब या ब्राउझरमधून चालणाऱ्या सेवांवर फुकट झालं.

मग दुसरा मेल, आठ ओळींचा. पहिल्या ओळीत कोण आणि काय शिकले. पुढे: तुमचा अमुक निबंध वाचला, त्यातली तिसरी आकृती सार्वजनिक डेटावरून पुन्हा काढून पाहिली, बहुतेक जुळली, दोन नमुन्यांच्या बाबतीत जुळली नाही, माझ्याकडून डेटा गाळण्याचा टप्पा वेगळा झाला असावा, कोड गिटहब या साइटवर इथे ठेवला आहे. शेवटी: पुढच्या सहा महिन्यांत तुमच्याकडे पीएचडी किंवा प्रकल्पाची जागा निघण्याची शक्यता आहे का? नेटचा निकाल अमुक महिन्यात आहे. बायोडेटा जोडला, दोन पानांचा, पीडीएफ, फाइलच्या नावात स्वतःचं नाव.

'जुळली नाही' हे लिहायला ती घाबरत होती. मला विचाराल तर सगळ्या मेलमधली तीच ओळ सोन्याची. जुळलं नाही हे ज्याला दिसतं आणि सांगता येतं, तो माणूस प्रयोगशाळेला हवा असतो.

प्रोग्रॅमिंग येत नसलेल्या जीवशास्त्रवाल्यांनी पायथन किंवा आर या भाषांपैकी एकच घ्यावी आणि लिनक्सची हाताखालची कामं शिकावीत. दोन्ही भाषा एकदम धरल्या की एकही धड होत नाही. रोझालिंड नावाच्या साइटवर जीवशास्त्राचे छोटे प्रश्न प्रोग्रॅम लिहून सोडवायचे असतात, रोझालिंड फ्रँकलिन यांचं नाव तिला दिलंय. रोज एक सोडवला तरी तीन महिन्यांत हात बसतो. प्रमाणपत्रांचा ढीग मात्र लावू नका. बारा ऑनलाइन कोर्सची यादी बघून मला एवढंच कळतं की या मुलाकडे इंटरनेट चांगलं आहे. उलट इंजिनिअरांना जीवशास्त्र 'वाचून होईल' असं वाटतं. ते होत नाही. निदान एक पेशी आतून कशी चालते हे वरच्या वर्गातल्या पुस्तकातून मन लावून वाचा, नाहीतर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला उघडे पडाल.

मुलाखतीत काय विचारतात? मी स्वतः विचारतो तो एक प्रश्न सांगतो. माणसात प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. आजारी आणि निरोगी गटांत प्रत्येक जनुकाची तुलना केली आणि ०.०५ ची सीमा लावली, म्हणजे निव्वळ योगायोगानं तेवढा फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असेल तरच तो 'महत्त्वाचा' मानला. समजा खरं तर एकाही जनुकात फरक नाही. तरी किती जनुकं 'महत्त्वाची' म्हणून वर येतील? उत्तर: सुमारे हजार, निव्वळ योगायोगानं. मग पुढचा प्रश्न, हे टाळायला काय कराल? पाठ केलेलं सूत्र सांगणारे बरेच भेटतात. हजार हा आकडा ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसते, त्याला मी घेतो.

परदेश

थोडक्यात, कारण इथे नियम देशागणिक बदलतात. जर्मनीत पीएचडी म्हणजे बहुतेक नोकरीचा करार असतो, पगार सरकारी श्रेणीनुसार, या विषयात अनेकदा ई-१३ श्रेणीच्या ६५ टक्के किंवा अधिक. जागा जाहिरातीनं भरतात आणि एमएस्सी लागते. युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या मारी क्युरी नेटवर्कच्या जागांना एक अट आहे: ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. बडोद्यात बसलेल्याला ही अट आपोआप पूर्ण. या जागा युराअ‍ॅक्सेस नावाच्या साइटवर सापडतात. अमेरिकेत गाईडकडे नाही तर कार्यक्रमाकडे अर्ज करायचा, बहुतेक मुदती डिसेंबरात, प्रवेश पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच ठिकाणी आता मागत नाहीत. अर्जाची फी डॉलरमध्ये असल्यानं दहा ठिकाणी अर्ज म्हणजे पाऊण लाखाच्या घरात खर्च. फीमाफी मिळते, पण मागितली तरच. २०२५ मध्ये निधीकपातीमुळे तिथल्या अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, तेव्हा सगळी अंडी त्या एका टोपलीत नकोत. ब्रिटनमध्ये 'सेल्फ-फंडेड' असं लिहिलेली जागा म्हणजे आईचा प्रश्न पुन्हा खरा: फी तुमची, जगण्याचा खर्चही तुमचा. त्या वाटेला जाऊ नका. घर गहाण टाकून पीएचडी करावी इतकी ती थोर नाही.

शिफारसपत्रांचं तेवढं आधी बघा. तीन माणसं लागतात, आणि त्यांना मुदतीच्या महिनाभर आधी सांगायचं असतं, सोबत आपला बायोडेटा आणि काय काम केलं त्याचे चार मुद्दे देऊन. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं म्हणणारे सर भेटतील. तसं लिहू नका, चार मुद्देच द्या. सगळी पत्रं एकाच हातची असली की वाचणाऱ्याला दुसऱ्याच ओळीत कळतं.

भाचीनं एकूण चौदा मेल पाठवले. तीन उत्तरं आली. एक नकार. एक म्हणाले, नेटचा निकाल लागला की परत लिही. क्षयरोगवाल्या बाईंनी लिहिलं, 'कोड पाहिला. तुमचा टप्पा बरोबर होता, आमच्या पुरवणीत चूक आहे. सध्या पैसे नाहीत. एप्रिलमध्ये विचारा.'

भाचीचा चेहरा पडला. "नाहीच म्हणतायत, मामा."

मी म्हटलं, एप्रिल म्हणजे नवं आर्थिक वर्ष. त्यांच्या प्रकल्पाचा हप्ता तेव्हा यायचा असणार. तिनं उठून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एप्रिलच्या पानाला लाल गोल केला.

आईनं चष्मा लावून बघितलं. "हे काय गं एप्रिलात?"

"पैसे आलेत का ते विचारायचंय, आजी."

"कुणाचे?"